परसदारी गट्टू बसवताय? गुत्तेदाराशी आधी जमिनीखालचं बोला

मराठवाड्यात गावं पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेत वसली आणि शेती काळीत झाली. ही विभागणी जुन्या माणसांनी उगाच केली नव्हती. काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण तिच्यावर भिंत उभी केली की ती भिंत तडकते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता पांढरी भरली. लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठेही जा, नवे एनए प्लॉट पडतात ते काळीतच. काल जिथे सोयाबीन होतं तिथे आज बंगला उभा आहे. घराच्या पायासाठी लोक इंजिनिअरला विचारतात, कॉलम खोल नेतात, खर्च करतात. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक, म्हणजे गट्टू बसवायची वेळ आली की मात्र सगळी चर्चा रंग आणि डिझाईनवर होते. लाल घ्यायचे की करडे, झिगझॅग की डंबेल, चौरस फुटाला काय रेट.

मग एक पावसाळा जातो. मधला भाग बरा राहतो, पण कडेचे गट्टू वर-खाली होतात, भिंतीलगत पाणी साचतं, दोन गट्टूंमधून हरळी डोकं काढते. घरमालक म्हणतो माल खराब निघाला, गुत्तेदार म्हणतो जमीनच तशी आहे. यात गुत्तेदाराचं म्हणणं अर्धं खरं असतं. जमीन तशीच आहे. पण जमीन तशी आहे हे धरूनच काम करायला हवं होतं, आणि तसं काम करून घ्यायचं तर कंत्राटात गट्टूच्या वरचं नव्हे, खालचं लिहावं लागतं. कारण खालचं काम एकदा झाकलं गेलं की ते कुणाला दिसत नाही आणि कुणाला मोजता येत नाही.

काळी माती नेमकं काय करते

दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हजारो वर्षं झिजून ही माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची असते आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. पाणी शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून दूर होतात, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

नुसतं फुगणं-आकसणं एकसारखं झालं असतं तरी निभावलं असतं. सगळं अंगण एकदम अर्धा इंच वर आलं आणि एकदम खाली गेलं तर कुणाला कळणारही नाही. पण तसं होत नाही. अंगणाच्या मधोमध, गट्टूंच्या झाकणाखाली ओल बऱ्यापैकी टिकून राहते. कडेला मात्र पावसात भिजते, चैत्र-वैशाखात कडकडीत वाळते. पन्हाळीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात ओल जास्त, कडुनिंबाच्या बाजूला मुळं ओल शोषतात म्हणून कमी. त्यामुळे कडा नाचतात आणि मधला भाग जागेवर राहतो. अंगणं बहुधा कडेकडून बिघडतात, त्याचं कारण हे.

तुमच्या प्लॉटची माती किती फुगते हे घरीच ढोबळ पाहता येतं. फूटभर खोलीवरची माती काढा, उन्हात खडखडीत वाळवा, कुटून मैद्याच्या चाळणीने चाळा. सरळ उभ्या भिंतींचे, सारख्या मापाचे, अरुंद असे दोन काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत मोजून सारखी माती घाला. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून बुडबुडे जाऊ द्या आणि ग्लास चुलीपासून लांब एक दिवस-रात्र तसेच ठेवा. रॉकेलने ही माती फुगत नाही, पाण्याने फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजा. रॉकेलमधला थर ४ सेंटीमीटर आणि पाण्यातला ६ सेंटीमीटर भरला, तर फुगवटा ५० टक्के. प्रयोगशाळेत हीच चाचणी मोजमापाच्या नळ्यांत काटेकोर होते. रस्त्याच्या सरकारी कामांत ५० टक्क्यांहून जास्त फुगणारी माती भरावाला वापरायची नाही, असा नियम आहे. घरच्या ग्लासाचा आकडा तितका नेमका नसेल, पण अंदाज पुरेसा येतो. विशेष म्हणजे हीच चाचणी गुत्तेदाराने आणलेल्या मुरमाचीही करता येते.

दुसरी गोष्ट, काळी किती खोल आहे ते बघा. बालाघाटाच्या माथ्यावर, बीड-धाराशिवच्या बऱ्याच भागात, दीड-दोन फुटांवरच मुरूम लागतो. तिथे काम सोपं आहे, मुरूम लागेपर्यंत खणा आणि वर बांधत या. गोदाकाठी परभणी-नांदेडकडे मात्र काळी खोलच खोल जाते, ती सगळी काढणं शक्य नसतं. म्हणून कुठलाही रेट मागण्याआधी अंगणाच्या एका कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा घ्या. एका मजुराचं सकाळचं काम आहे. गुत्तेदार जागा बघायला येईल तेव्हा त्याला आधी तो खड्डा दाखवा. खड्ड्यात वाकून बघणारा, माती हातात घेऊन चोळणारा गुत्तेदार आणि काठावरूनच टेपने लांबी-रुंदी घेऊन रेट सांगणारा गुत्तेदार, यातला कोण कामाचा हे मी वेगळं सांगायला नको.

खालचे थर

गट्टूंचं अंगण हे लवचिक काम आहे. काँक्रीटची लादी एकसंध असते, खालून माती फुगली की ती तडकते आणि तडकली की कायमची गेली. गट्टूंचे शेकडो सुटे तुकडे असतात, जमीन थोडी हलली तर तेही थोडे हलतात आणि उखडून पुन्हा बसवताही येतात. म्हणूनच काळ्या जमिनीवर गट्टू ही चांगली निवड आहे. पण सुटे असूनही ते घट्ट राहतात कशाने? मधल्या सांध्यांत दाबून भरलेल्या बारीक वाळूने आणि चारी कडांच्या कर्बने, म्हणजे कडेला पक्क्या बसवलेल्या उभ्या ठोकळ्यांच्या ओळीने. गव्हाचं पोतं गच्च भरून शिवलं की त्यावर माणूस उभा राहतो, तोंड सुटलं की तेच पोतं ढासळतं. कर्ब म्हणजे त्या पोत्याची शिवण. कर्ब नसलेलं किंवा नुसत्या मातीत खोचलेल्या कर्बचं अंगण कडेने सुटायला लागतं आणि मग सांधे उघडत आतपर्यंत जातात.

आता एक ठोस उदाहरण घेऊ. घराच्या मागच्या भिंतीला लागून २० फूट लांब आणि भिंतीपासून १५ फूट बाहेर येणारं अंगण, म्हणजे ३०० चौरस फूट. बसायला-उठायला, वाळवणाला, मोटारसायकल लावायला. खोल काळी माती. मला विचाराल तर अशा जागी थर असे हवेत: सगळ्यात खाली दाबून ९ इंच भरेल एवढा मुरूम, त्यावर दाबून ४ इंच जीएसबी, म्हणजे बारीक-मोठी मिश्र खडी, त्यावर सव्वा इंच क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, आणि वर ६० मिलिमीटरचा गट्टू. सगळं मिळून साधारण १७ इंच. म्हणजे खोदाईही तेवढीच. चारचाकी आत येणार असेल तर गट्टू ८० मिलिमीटरचा घ्या आणि जीएसबी ६ इंच करा.

मुरूम अंगणाच्या कडेबाहेर तिन्ही बाजूंनी एकेक फूट जास्त जायला हवा, कारण कडाच नाचतात हे वर पाहिलं. हा एक फूट बहुतेक कामांत वगळला जातो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो धरून हिशेब केला तर खोदाई सुमारे ५ ब्रास होते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). उपसलेली काळी माती मोकळी होऊन सहा-साडेसहा ब्रास दिसते, ती कोण उचलणार आणि कुठे टाकणार हे आधीच ठरवा. मुरूम दाबल्यावर अडीच ब्रासपेक्षा थोडा जास्त बसतो, म्हणून मोकळा साडेतीन ब्रास आणावा लागतो. जीएसबी सव्वा ते दीड ब्रास, क्रश सँड अर्धा ब्रास. ट्रॉली आली की तिची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणा आणि शंभराने भागा, तेवढे ब्रास. तुमच्या समोर दोन ट्रॉली मुरूम पडला आणि बिलात चार लागल्या, असं मग होत नाही.

मुरूम कसला हवा? नुसता दगडगोटा नको आणि मातकटही नको. खडबडीत, तांबूस-पिवळसर, ओला करून मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये. काळपट मुरूम दिसला तर परत पाठवा, त्यात रानातली माती मिसळलेली असते. मुरूम थोडा चिकट पण न फुगणारा हवा, यामागे शास्त्र आहे. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दाबून घालायची पद्धत अभ्यासातून मांडली, आणि कालव्यांच्या अस्तरापासून अनेक कामांत ती वापरली गेली. त्या जागी नुसती वाळू भरली तर वाळूत पाणी साठतं आणि तेच पाणी खालच्या काळीला फुगवत राहतं.

इथेच एक मोठा धोका आहे. काळ्या मातीत खणलेला खड्डा पाणी लवकर सोडत नाही. त्यात मुरूम-खडी भरली की घराच्या भिंतीला लागून जमिनीखाली हौदच तयार होतो. म्हणून खड्ड्याचा तळही घराच्या उलट दिशेने उतरता खणायचा आणि उताराच्या शेवटी पाणी बाहेर पडायला वाट ठेवायची. वरच्या गट्टूला उतार देणारे पुष्कळ आहेत, तळाला उतार देणारा गुत्तेदार क्वचित भेटतो. भेटला तर रेट थोडा जास्त असला तरी त्यालाच काम द्या.

वरचा उतार दर फुटाला पाव इंच. १५ फुटांना पावणेचार इंच. डोळ्याला तो फारसा जाणवत नाही, खुर्ची डगमगत नाही, पण पाणी थांबत नाही. पूर्ण झालेलं अंगण जोत्याच्या ओलरोधक थरापासून किमान ६ इंच खाली राहिलं पाहिजे, नाहीतर ओल भिंतीत चढते. पन्हाळीचा पाइप अंगणावर सोडू नका, तो बाहेर काढा. या ३०० चौरस फुटांवर इंचभर पाऊस पडला तर ७०० लीटरच्या आसपास पाणी गोळा होतं. आपल्याकडे ते वाया घालवायचं नाही हे कुणाला सांगायची गरज नाही, पण शोषखड्डा अंगणाच्या आणि घराच्या कडेला नको, दहा-बारा फूट लांब घ्या आणि मुरूम लागेपर्यंत खोल घ्या. काळीतल्या उथळ शोषखड्ड्यात पाणी मुरत नाही, नुसतं साचतं.

दाबणीचं बोलू. मुरूम एकदम ९ इंच टाकून वरून एकदा मशीन फिरवली तर वरचे तीन-चार इंच दबतात, खालचा भाग पोकळच राहतो. तो पुढे वर्षभर हळूहळू बसत जातो आणि वरचे गट्टू घेऊन खाली जातो. चार-चार इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून, प्लेट कॉम्पॅक्टर किंवा बेबी रोलर. नुसता लाकडी धुम्मस चालणार नाही. थर दबला का हे बघायला एक जाड सळई हाताने खुपसून पाहा. ती इंच-दोन इंचांत अडली पाहिजे. भरलेला ट्रॅक्टर आत येत असेल तर तो मुरमावरून सावकाश फिरवा. चाकाची चाकोरी उमटली तर अजून दाबणी हवी. काळ्या तळावर मुरूम टाकण्याआधी जिओटेक्स्टाईल कापड अंथरलं तर ओल्या दिवसांत काळी माती वर मुरमात घुसत नाही. खर्च थोडा वाढतो, पण खोल काळीत मी तो करायला सांगेन.

एक चूक गवंडी मंडळी मनापासून, चांगल्या हेतूने करतात. गट्टूखाली सिमेंट-वाळूचा माल घालतात आणि सांधेही सिमेंटने भरतात. "साहेब, एकदम पक्कं होतं," म्हणतात. पक्कं होतं, पण मग ते लवचिक राहत नाही. जमीन हलली की सांधे तडकतात, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. गट्टूखाली कोरडी क्रश सँड आणि सांध्यांत बारीक वाळू, एवढंच. सिमेंट लागतं ते फक्त कर्बच्या मागच्या काँक्रीटला.

गट्टू निवडताना

याचं भारतीय मानक आयएस १५६५८ आहे. त्यात गट्टूची जाडी आणि ताकद वापरानुसार ठरवून दिली आहे. नुसत्या पायी वावराला कमी जाडीचाही चालतो, पण घरच्या अंगणाला ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ ताकद हा बरा समतोल आहे. ५० मिलिमीटरचा स्वस्त पडतो म्हणून पुढे केला जातो, तो मोटारसायकलच्या स्टँडखाली टिकत नाही.

ताकद घरी तपासता येत नाही, पण दोन गोष्टी तपासता येतात. पहिली वजन. ६० मिलिमीटरच्या एक चौरस फूट गट्टूंचं वजन साडेबारा-तेरा किलोच्या आसपास भरलं पाहिजे. खूप कमी भरलं तर आत पोकळी आहे. दुसरी पाणी. मानकानुसार गट्टूने आपल्या वजनाच्या सरासरी ६ टक्क्यांपर्यंतच पाणी प्यावं. तीन-चार गट्टू दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा, एक दिवस-रात्र पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. २ किलो ८०० ग्रॅमच्या गट्टूचं वजन १६८ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर माल सच्छिद्र आहे. उन्हात वाळवलेल्या गट्टूत भट्टीत वाळवल्यापेक्षा थोडी ओल उरतेच, म्हणून खरा आकडा तुमच्यापेक्षा थोडा जास्तच असतो. त्यामुळे घरच्या चाचणीत नापास झालेला माल निर्धास्तपणे नाकारा.

कारखान्यात जाऊन माल किती दिवसांचा आहे ते विचारा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात आणि ती मिळायला त्याला पाणी पाजावं लागतं. उन्हाळ्यात, टँकरच्या दिवसांत, क्युरिंगला कात्री लागू शकते. दोन गट्टू एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर बरं, भद्द आवाज आला तर तो कच्चा आहे किंवा आतून तडकलेला आहे. कडा नखाने खरवडल्या तर पूड निघता कामा नये.

रबर मोल्डचे चकचकीत गट्टू दिसायला सुंदर असतात, पण ओले झाले की घसरतात. घरात म्हातारी माणसं असतील तर मशीनवर दाबलेले खरखरीत घ्या. रंग फिका घ्या. मे महिन्यात परभणीच्या उन्हात गडद गट्टूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि त्याची धग रात्री उशिरापर्यंत खोल्यांत येते. नव्या गट्टूवर पांढरा खार येतो, त्याला घाबरू नका, तो सिमेंटमधला चुना असतो आणि बहुधा वर्षभरात धुऊन जातो.

बोलणी, कागद आणि पैसे

चौरस फुटाच्या रेटवर दोन गुत्तेदारांची तुलना करता येत नाही. एकाच्या रेटमध्ये ९ इंच मुरूम असतो, दुसऱ्याच्या रेटमध्ये जमीन सारखी करून दोन इंच कच, म्हणजे खडीचा चुरा. दिसताना दोघांचं अंगण सारखंच दिसणार आहे, पावसापर्यंत. त्यामुळे बोलणं साधारण असं व्हायला हवं:

"भाऊ, खोदाई किती धरली?"

"काका, लेव्हल बघून करू की. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"टेन्शन नाही, पण इंचात सांगा. मुरूम किती, जीएसबी किती, किती थरांत दाबणार, मशीन तुमची का भाड्याची, आणि कर्बच्या मागं काँक्रीट धरलंय का?"

या प्रश्नांवर रागावणारा गुत्तेदार सोडून द्या. आकडे सांगणाऱ्याला म्हणा की हेच कागदावर लिहा. कागद स्टॅम्प पेपरचाच हवा असं नाही, साध्या वहीच्या पानावर दोघांच्या सह्या आणि तारीख असली तरी लेखी पुरावा होतो. त्यात प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी, गट्टूची जाडी आणि ग्रेड, उताराची दिशा, काळी माती कोण नेणार, गट्टू कापायचा खर्च आणि तूट कुणाकडे, जीएसटी धरून की वेगळा, आणि काम कधी सुरू होऊन कधी संपणार, एवढं हवंच. "दाबल्यानंतर" हा शब्द विसरू नका. मोकळा ९ इंच मुरूम दाबला की ७ इंच उरतो.

पैशाचे हप्ते तारखेला बांधू नका, थराला बांधा. कामगार आणायला उचल लागते, ती एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्के ठीक आहे. पुढचा हप्ता खड्डा खणून तळाचा उतार तुम्ही पाहिल्यावर, त्यानंतरचा मुरूम दबून सळईची परीक्षा झाल्यावर, मग जीएसबी आणि कर्ब झाल्यावर, मग गट्टू बसल्यावर. प्रत्येक थराचा टेप लावून मोबाईलवर फोटो काढा, गुत्तेदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा. आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. ही अट आधीच सांगितली तर चांगला गुत्तेदार मान्य करतो, कारण त्याला स्वतःच्या कामाची खात्री असते. शेवटी अचानक सांगितली तर भांडण होतं आणि ते रास्तही आहे. त्याने मजुरांना शब्द दिलेला असतो. त्याच न्यायाने, थर मान्य झाला की त्याच दिवशी हप्ता द्या. मजुराचा आठवडा अडवून काम चांगलं होत नाही.

काम केव्हा करायचं? पावसाळ्यात काळीत खोदाई म्हणजे चिखल, जेसीबी रुततो. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते, त्यावर बसवलेलं अंगण जूनमध्ये खालून उचललं जातं. लगीनसराईच्या आधी अंगण व्हावं म्हणून बहुतेक कामं नेमकी तेव्हाच होतात. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत जमिनीत मध्यम ओल असते, तो काळ सगळ्यात चांगला. अडचण एकच, त्याच दिवसांत बीडकडचे बरेच मजूर ऊसतोडीला गेलेले असतात. म्हणून गुत्तेदार दसऱ्यालाच ठरवा.

बसवण्याच्या दिवसांत घरातलं एक माणूस जागेवर थांबावं. ड्रेनेजचे पाइप, चेंबर, बोअरच्या मोटारीची केबल हे सगळं आधीच घालून घ्या. सँड पट्टीने सपाट ओढल्यावर तिच्यावर कुणी पाय देऊ नये आणि ती आधी दाबूही नये, गट्टू बसवल्यावर वरून मशीन फिरते तेव्हा ती आपोआप दबते. कडेला कापलेला गट्टू एक तृतीयांशापेक्षा लहान नसावा, लहान तुकडे हमखास निघतात. मग मशीनचे दोन-तीन फेरे, सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरणं, पुन्हा मशीन, पुन्हा वाळू. संध्याकाळ झाली की वाळू भरायचं "उद्या करू" म्हणून राहून जातं. सांधे रिकामे असताना मोटारसायकल आत घेऊ नका.

काम बिघडलं आणि गुत्तेदार फोन उचलेनासा झाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. स्वतःच्या जिल्ह्यातच करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. तिथे कागद, पैसे दिल्याचे पुरावे आणि टेप लावलेले फोटो उपयोगी पडतात.

पहिल्या पावसाळ्यात दोन-तीन मोठे पाऊस झाले की अंगणात फेरी मारा. पाणी साचलेल्या जागेवर खडूने गोल काढा. सांध्यांतली वाळू नखाएवढी खाली गेली असेल तर कोरड्या दिवशी पुन्हा भरा, पहिल्या वर्षी हे करावंच लागतं आणि तो दोष नव्हे. मुंग्यांनी वाळू वर काढली असेल तिथेही भरा. दसऱ्याला गुत्तेदाराला बोलवा, खडूचे गोल दाखवा. तेवढेच गट्टू उचलून, खाली क्रश सँड घालून, मशीन फिरवून ते एका दिवसात सरळ होतात. त्यासाठी पंधरा-वीस गट्टू त्याच मालातले आधीच बाजूला काढून ठेवा, दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही. गोल सरळ झाले की राखलेले दहा टक्के त्याला तिथेच देऊन टाका.